हंसिणींची रांग

पॅरिस ऑपेराच्या बॅले कंपनीत नर्तकांच्या पाच पायऱ्या असतात. सर्वांत वरची ‘एत्वाल’, म्हणजे तारा. हा मान बहुधा प्रयोग संपल्यावर रंगमंचावरच जाहीर होतो. आणि ४२व्या वर्षी निवृत्ती!

मला मात्र मागच्या रांगेतल्या मुलींचं फार कौतुक वाटतं. ‘स्वान लेक’ या बॅलेत हंसिणी झालेल्या त्या एका श्वासात वळतात. त्यांच्या सॅटिनच्या बुटांचं टोक कापड आणि खळीचे थर देऊन कडक केलेलं असतं. फिती बहुतेकजणी स्वतःच्या हातांनी शिवतात. मोठ्या भूमिकेत नवा जोड एका रात्रीत मऊ पडतो. पुढे बसलं, की त्या बुटांची टकटक ऐकू येते. पण पहिल्यांदाच जाणार असाल, तर वरच्या सज्जातलं तिकीट काढा. रांगांची पूर्ण नक्षी तिथूनच दिसते.