मेंदूचे रसायन आणि बालपणीच्या खुणा

यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी वाढणाऱ्या मुलांना खाजकुइलीची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. तिच्या शेंगेवरील तपकिरी लव अंगाला लागली की खाजवून पुरेवाट होते. एकाने ती दुसऱ्याच्या सदऱ्यात टाकावी आणि गुरुजींनी न्यायनिवाडा करावा, हे ठरलेलेच. या उपद्रवी शेंगेत मेंदूच्या रसायनशास्त्राचे दोन धडे दडलेले आहेत.

पहिला धडा तिच्या बियांत आहे. दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी १९३७ साली या बियांतून 'एल-डोपा' हे द्रव्य वेगळे केले. मेंदूत त्याचेच डोपामिन बनते, आणि कंपवाताच्या रुग्णांत डोपामिनचीच उणीव असते. मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी कंपवातावरील या बियांच्या उपयोगाचा अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध केला. (बिया घरी कुटून घ्याव्यात, असा त्याचा अर्थ मात्र नव्हे.) दुसरा धडा शेंगेवरील लवीत आहे. तीत सिरोटोनिन असते. हेच द्रव्य मेंदूत एका चेतापेशीचा निरोप दुसरीला पोहोचविते. डॉ. वैद्य यांच्या कन्या डॉ. विदिता वैद्य यांनी याच रासायनिक दूताच्या अभ्यासास आपले आयुष्य वाहिले.

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात पदवी घेतल्यावर त्या अमेरिकेतील येल विद्यापीठात गेल्या. तेथे डॉ. रोनाल्ड ड्युमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे स्वीडन व ऑक्सफर्ड येथे काम करून २००० साली त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाल्या.

त्यांच्या प्रयोगशाळेने विचारलेला प्रश्न साधा होता. बालपणी सोसलेला ताण मोठेपणीही का छळतो? उंदरांच्या नवजात पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीन तास आईपासून दूर ठेवण्यात आले. पिले वाढली, ताण कधीच संपला होता. तथापि ती अधिक भित्री निघाली. मेंदूच्या पुढील भागात सिरोटोनिनचा निरोप स्वीकारणाऱ्या एका विशिष्ट ग्राहीचे कार्यही वाढलेले आढळले. त्याच कोवळ्या दिवसांत औषधाने या प्रकारच्या ग्राहींना अडविले असता पुढील भित्रेपणा टळला, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. इतक्या लहानशा काळात एवढे ठरून जाते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

२०१९ साली आणखी एक अनपेक्षित बाब पुढे आली. चेतापेशींना ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांची संख्या व कार्यक्षमता सिरोटोनिनमुळे वाढते, आणि त्या पेशी ताणाला अधिक टिकाव धरतात, असे दिसून आले. निरोप्या म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ पेशीची शिदोरीही पाहतो, असे म्हणावयास हरकत नाही. डॉ. विदिता वैद्य यांना २०१५ साली वैद्यकशास्त्रातील भटनागर पुरस्कार व २०२२ साली जीवशास्त्रातील इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

उंदराचे पिलू म्हणजे माणसाचे मूल नव्हे. माणसाच्या मुलाला आजी असते, शेजार असतो, शाळा असते. म्हणून प्रयोगशाळेतील निष्कर्ष गावावर जसाच्या तसा लादणे चुकीचे ठरेल. परंतु खिन्नता व भय यांना शरीरात ठाव असतो, ती केवळ मनाची कमजोरी किंवा बाहेरची बाधा नव्हे, एवढे या संशोधनाने निश्चितच बळकट केले आहे. धुळे-जळगावच्या गावांतून मनाच्या आजारासाठी आजही प्रथम भगताकडे जाणारे आहेत. दवाखाना त्यानंतर येतो, आणि तोवर पुष्कळ दिवस निघून गेलेले असतात.

चाळीसगाव, साक्रीकडील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. तान्ही मुले फडावर जातात, त्यांहून मोठी कधी आजीपाशी मागे राहतात. उन्हाळ्यात सारी परतल्यावर अंगणवाडीत मुलांचे वजन होते, उंची मोजली जाते. मूल रात्री दचकून उठते का, आई दिसेनाशी होताच रडून आकांत करते का, हे विचारावयाचे बहुधा राहून जाते.