आपल्या पोरांच्या वतीने कोण बोलणार?

कुडाळ तालुक्यातल्या बचत गटांच्या वतीने आम्ही आज तुमच्याशी बोलतो आहोत. हातातलं काम सोडू नका, भाजी चिरता चिरता ऐका.

मार्च 2023 आठवतो का? 14 तारखेला राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेले. बऱ्याच शाळांना कुलपं लागली. काजूचा हंगाम होता. आपण सकाळपासून बागेत आणि पोरं दिवसभर घरात. त्या आठवड्यात गटाच्या बैठकीत बचत गोळा करायची राहिली बाजूला आणि वादच पेटला. एक म्हणाली, "एवढा पगार असून संप कशाला?" दुसरीची नणंद शिक्षिका. ती म्हणाली, "मग म्हातारपणी त्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" शाळेत पोषण आहार शिजवणारी आमची एक मैत्रीण गप्प बसून ऐकत होती. ती शेवटी म्हणाली, "तेंचा मागणा खराच आसा गो. पण आमच्या पोरांच्या वतीन कोण बोलता?"

20 तारखेला संप मिटला. तो प्रश्न मात्र आमच्या डोक्यातून गेला नाही.

आधी मागणी काय होती ते समजून घेऊ. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मी रक्कम जन्मभर मिळायची. नव्या पद्धतीत पगारातून दरमहा पैसे कापतात, सरकार आपला वाटा घालतं, ते पैसे बाजारात गुंतवतात. शेवटी हातात किती येईल याचा भरवसा नाही. म्हणजे त्यांची काळजी खोटी नव्हती.

पण जुन्या पेन्शनचे पैसे कुठल्या वेगळ्या डब्यात साठवलेले नसतात. ते त्या त्या वर्षीच्या करातून जातात. आणि कर फक्त मोठी माणसं भरतात असं समजू नका. आपण मोबाईलचं रिचार्ज मारतो, त्यावर 18 टक्के जीएसटी असतो आणि त्यातला निम्मा राज्याच्या तिजोरीत जातो. म्हणून या हिशेबात बोलायचा आपल्यालाही हक्क आहे. पगार, पेन्शन आणि कर्जाचं व्याज भागवून जे उरतं, त्यातूनच गळक्या छपराची दुरुस्ती आणि मुलींचं स्वच्छतागृह व्हायचं असतं.

आता संघटनेची ताकद बघा. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं होतं, की जुनी पेन्शन राज्याला झेपणार नाही. महिन्याभरात विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांची निवडणूक आली आणि सरकारची भाषा मऊ झाली. 30 जानेवारी 2023 ला मतदान झालं. मग मार्चचा संप, मग समिती, आणि ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ठराविक पेन्शनची हमी देणारी केंद्राची नवी योजना स्वीकारली. जुनी पेन्शन जशीच्या तशी आली नाही, पण दार उघडलं.

हे शिक्षक मतदारसंघ म्हणजे काय? आपल्या विधान परिषदेत 78 आमदार असतात. त्यातले 7 फक्त शिक्षकांनी निवडून दिलेले. पालघरपासून आपल्या सिंधुदुर्गापर्यंत मिळून कोकणाचा एक. गंमत अशी, की यात मत असतं ते माध्यमिक शाळा आणि त्यावरच्या शिक्षकांना. आपल्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना आणि बाईंना तिथे मत नाही. तरीही त्यांचं वजन आहेच. मतदान केंद्रावर तेच, मतदार यादीच्या कामाला बरेचदा तेच. घर न् घर त्यांना माहीत असतं. शिवाय त्यांच्या संघटना आहेत, पतपेढ्या आहेत. दरमहा वर्गणी, नियमित बैठक, एका हाकेला सगळे हजर. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? आपले गट याच पद्धतीने उभे राहिले. डिसेंबर 2023 मध्ये अंगणवाडी सेविकांनी संप केला, त्यात आपल्याच बहिणी होत्या. एकत्र येणं वाईट म्हणायला आपलं तोंडच नाही.

आणि संघटनेच्या काही मागण्या आपल्याच फायद्याच्या असतात. सप्टेंबर 2024 मध्ये कमी पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी नेमायचा निर्णय आला. 25 तारखेला शिक्षक सामूहिक रजा काढून रस्त्यावर उतरले. आपल्या डोंगरातल्या, नदीपलीकडच्या वाड्यांच्या शाळा कमी पटाच्याच आहेत. तो मोर्चा त्यांचा होता, तसा आपलाही होता.

पण प्रत्येक वेळी तसं होत नाही. बदल्यांचंच घ्या. पूर्वी बदलीसाठी शिक्षकांना पुढाऱ्यांच्या दारी फेऱ्या माराव्या लागत. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने बदल्या ऑनलाइन झाल्या. तरी बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या शिक्षकाला आपल्या गावी जायचं असतं. त्यात त्याचंही चुकत नाही, त्याचेही आईवडील तिकडे असतात. पण तो जातो आणि जागा रिकामी राहते. आमच्या भागातल्या एका शाळेत असंच झालं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिली ते चौथीला एकच बाई उरल्या होत्या. त्या बैठकीला गेल्या की शाळा बंद. जाणाऱ्या गुरुजींच्या मागे संघटना होती. मागे राहिलेल्या पोरांच्या मागे कोणी नव्हतं.

की होतं? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. आपल्याकडे अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा असतो. शिक्षक वेळेवर येतात का, आलेला निधी कुठे खर्च झाला, हे बघण्याचा अधिकार या समितीला आहे. शाळेचा विकास आराखडाही तिनेच करायचा. साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत, हे त्याच कायद्यात आहे. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचं काम सोडून शिक्षकांना दुसऱ्या कामाला जुंपू नये, हेही त्यातच आहे.

त्या शाळेच्या समितीवर आमच्या गटांतल्या चार जणी होत्या. खरं सांगायचं तर वर्षभर त्यांनी घरी आलेल्या वहीवर सह्या केल्या, बैठक एकही पाहिली नव्हती. त्या पहिल्यांदा बैठकीला बसल्या, ठराव लिहून घेतला, एक प्रत पंचायत समितीत आणि एक ओरोसला जिल्हा परिषदेत दिली. पोच मागून घेतली. तीन वेळा जावं लागलं. गणपतीनंतर दुसरे शिक्षक आले. आणि सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल, तर त्या एकट्या पडलेल्या बाईंना.

शिक्षकांशी भांडा, असं आम्ही सांगत नाही. त्यांनी स्वतःसाठी बोलावं, ते त्यांचं काम. आपल्या पोरांसाठी बोलणं हे आपलं काम, ते त्यांच्यावर ढकलून मग त्यांना नावं ठेवू नयेत.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की तीन गोष्टी विचारा. आपल्या शाळेच्या समितीवर आपल्यातल्या कोण कोण आहेत? मागची बैठक कधी झाली? आणि त्या दिवशी वहीत काय लिहिलं? उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वही बघायला मागा. आणि वाचल्याशिवाय सही करू नका.

येतो आम्ही. नमस्कार.