तारा फुटला, हे औंढ्याला कसं कळणार?



औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' नावाची प्रयोगशाळा होणार, हे तुम्ही ऐकलंच असेल. ११ मे २०२३ ला तिची पायाभरणी झाली. मंजूर खर्च २,६०० कोटी रुपये. एवढ्या पैशात तिथे बघणार तरी काय, असं बायका विचारतात. खरं तर तिथे बघायचं नाही, ऐकायचं आहे. पण आधी बघण्याची गोष्ट सांगते.

पायाभरणीनंतर आठच दिवसांनी, १९ मे २०२३ ला, जपानमधल्या कोइची इतागाकी या हौशी गृहस्थांना आपल्या दुर्बिणीतून एक फुटलेला तारा सापडला. कुठे? आपल्या सप्तर्षींपाशी, ज्याला कुणी बाजलं म्हणतं. लग्नात नवरा-नवरीला वसिष्ठ-अरुंधती दाखवतात ना, त्याच अंगाला एक दीर्घिका आहे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. आकाशाच्या हिशेबात हे शेजारचंच गाव, तरी तिथला उजेड इथे यायला सुमारे २ कोटी १० लाख वर्षं लागतात.

फुटलेला तारा ओळखतात कसा? रात्री शेतातून लांबच्या गावाकडे बघा. एकेक दिवा वेगळा दिसत नाही, नुसता उजेडाचा पुंजका दिसतो. पण कुणाच्या मांडवात हॅलोजन लागला की तो लगेच नजरेत भरतो. तसंच हे. त्याच दीर्घिकेचे फोटो पुन्हा पुन्हा काढायचे आणि जुना-नवा ताडून बघायचा. काल नसलेला ठिपका आज दिसला, तर कळवायचं. मग दुसरे तपासतात. इतागाकींनी कळवल्यावर इतर हौशी लोकांनी आपले फोटो उघडले, तर आदल्या रात्रीच्या काही फोटोंतही तो ठिपका निघाला! फोटो होता, कुणी ताडून बघितला नव्हता. पुढे लडाखमधल्या हानले इथल्या दुर्बिणीनंही त्या ताऱ्यावर नजर ठेवली. आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ही दुर्बीण. आरसा अवघा ७० सेंटिमीटरचा.

आता ऐकण्याचं. मेलेल्या ताऱ्यांचे दोन घट्ट गोळे एकमेकांभोवती फिरत आदळले, की अवकाशालाच लहर सुटते. १७ ऑगस्ट २०१७ ला अशी लहर पृथ्वीवर पोचली. अमेरिकेतली दोन यंत्रं आणि इटलीतलं एक, यांच्या नोंदी ताडून दिशा काढली. दुर्बिणी तिकडे वळल्या. सुमारे ११ तासांनी चिलीतल्या एक मीटर आरशाच्या दुर्बिणीला १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. त्याच्या उजेडात जड धातू घडल्याच्या खुणा होत्या. आपल्या डोरल्यातलं सोनंही अशाच टकरींत घडलं असावं, असं शास्त्रज्ञ मानतात. आणि आशाताई ज्याच्या गोळ्या देतात ते लोह? तेही फुटलेल्या ताऱ्यांतलंच.

त्या ठिपक्याचा निळसर उजेड मात्र एक-दोन दिवसांत ओसरला. म्हणून दिशा लवकर आणि नेमकी कळायला हवी. भोंगा कुठे वाजला हे एकाच बांधावर उभ्या दोघींना सांगता येत नाही. लांब-लांबच्या शेतांतल्या चौघींनी आपापलं सांगितलं तर जागा सापडते. औंढा अमेरिका-युरोपपासून दूर आहे, हाच त्याचा मोठा उपयोग. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आत लेसरचा किरण आणि टांगलेले आरसे. रहदारीची, कारखान्याची धडधड त्याला चालत नाही, म्हणून आपला शांत माळ.

यानं हळदीचा भाव वाढणार नाही, सोनंही स्वस्त होणार नाही. पण तिथे शास्त्रज्ञ लागतील, इंजिनिअर लागतील, यंत्रं सांभाळणारे लागतील. ते सगळे बाहेरूनच येणार, की औंढ्या-वसमतच्या मुलीही त्यात असणार? मला विचाराल तर दहावीनंतर पोरीला विज्ञानाला घालायचं की स्थळ बघायचं, हे ठरवताना घरात हा माळ आठवावा.

तो जपानी गृहस्थांचा ठिपका आता विझलाय. पण वैशाखात रात्री नऊनंतर उत्तरेकडे बघा. बाजल्याच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला चिकटून बारीकशी अरुंधती दिसते का बघा. चष्मा असेल तर लावून.