न आलेल्या विधेयकावरही लक्ष ठेवा
(रत्नागिरीत तरुणांसमोर केलेले भाषण)



जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांतील मागास गटांना ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश काढला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतलं आरक्षण थांबवलं, शिक्षणातलं राहू दिलं. पण अध्यादेशाला मुदत असते. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो आपोआप संपतो. डिसेंबरात नागपूरला मराठा आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं. आपलं मांडलंच गेलं नाही. अध्यादेश संपला.

दुसरं उदाहरण विशेष जनसुरक्षा विधेयकाचं. संघटना बेकायदेशीर ठरवण्याचे अधिकार सरकारला देणारं हे विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेलं. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या, त्या १२ हजारांहून अधिक आल्या. मसुद्यात काही बदल झाले. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं, आक्षेप अजून आहेत. पण जे काही बदललं, ते समितीच्या टप्प्यावर. मंजुरीनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही संताप केला, तरी कलमातला शब्द हलत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण यासाठी अ‍ॅप लागत नाही. एक वही आणि तीन रकाने पुरेत: विषय काय, तो आज कुठे अडलाय, पुढची तारीख कोणती. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकं मिळतात. प्रत्येक अधिवेशनाआधी वही घेऊन आपल्या आमदारांना भेटा आणि विचारा, "साहेब, हे कधी मांडणार?"