गर्भपाताचा कायदा आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषण करण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्यातून विषय असा की, चारचौघींत आपण त्याचे नावही घेत नाही. पण न बोलण्याने एकीचा जीव जाता जाता वाचला, म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या पोशीरला भाताची लावणी चालू होती. नात्यातली एक सून माझ्याकडे आली. तिला विचारूनच हे सांगते. नाव मात्र घेत नाही. अंगावर पिणारे मूल, आणि पुन्हा दिवस राहिलेले. "काकी, काय करू?" म्हणाली. मी म्हटले, "गप्प बस. गर्भपात हा गुन्हा आहे. दवाखान्यात पाटीच लावली आहे."

ती गप्प गेली. दुकानात गोळ्या मिळाल्या नाहीत, तेव्हा कोणीतरी दुप्पट पैसे घेऊन कागदाच्या पुडीत आणून दिल्या. किती घ्याव्या, कशा घ्याव्या, कोणी सांगितले नाही. चौथ्या दिवशी तिला बांधावरच भोवळ आली. साडी रक्ताने भिजली होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी का नाही आणलीत? हे तर कायद्याने करून मिळते." मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. त्यांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, असे तीत लिहिले होते. गर्भलिंगनिदान, गर्भपात नव्हे! इतकी वर्षे मी ती पाटी अर्धीच वाचत होते.

भगिनींनो, हे दोन कायदे वेगळे आहेत. इंग्रजांनी १८६० साली जी दंडसंहिता केली, तीत बाईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात केला तर करणाऱ्याला आणि बाईलाही शिक्षा होती. त्या काळी फसलेल्या विधवांची काय दशा होई, हे पाहूनच जोतिबा व सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे १९६४ साली सरकारने महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांची समिती नेमली. चोरून केलेल्या गर्भपातांनी बायका मरतात, हे तिने मांडले. त्यातून १९७१ चा कायदा झाला व १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. जुने कलम आजही नव्या न्याय संहितेत आहे; पण १९७१ च्या कायद्याप्रमाणे केलेला गर्भपात गुन्हा ठरत नाही.

दुसरा कायदा मुलगा की मुलगी हे पाहण्याविरुद्धचा. तो देशात प्रथम आपल्या महाराष्ट्रानेच १९८८ साली केला, आणि तो हवाच. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ साली आपल्या राज्यात ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. ही लाजेचीच गोष्ट आहे.

त्यानंतर सरकारने गोळ्यांच्या दुकानांवर कडक नजर ठेवली. झंझट नको म्हणून अनेक दुकानदारांनी गोळ्या ठेवणेच सोडले. पण विचार करा. कायद्याने ही गोळी नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायची असते. सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे त्यानंतरच दिसू लागते. मग गोळी अडवून कोणती मुलगी वाचली? चिठ्ठीशिवाय गोळी विकू नये, हे योग्यच आहे. गर्भ नळीत असला किंवा अंगात रक्त कमी असले, तर गोळी जिवावर बेतते. पण चिठ्ठी असून मिळत नाही आणि चिठ्ठीवाचून चोरून मिळते, हा कुठला न्याय?

आता ध्यानात ठेवायच्या चार गोष्टी सांगते. पहिली : बाईच्या शरीराला वा मनाला धोका असेल, किंवा पाळणा लांबवण्याचा उपाय फसला असेल, तर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीने ठराविक अडचणीतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. दुसरी : अठरा वर्षांवरील शहाण्या बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तिसरी : तिचे नाव डॉक्टरांनी गुप्त ठेवायचे असते. चौथी : गोळीनंतर तासाला दोन मोठ्या घड्या भिजू लागल्या आणि असे दोन तास चालले, तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा.

पाप की पुण्य, हा निवाडा जिने तिने आपल्या मनाशी करावा. मी कोणाला गर्भपात करा म्हणून सांगायला उभी नाही. पण उद्या लेक वा सून तुमच्या दारात अशी येऊन उभी राहिली, तर माझ्यासारखे "गप्प बस" म्हणू नका. तिला आत घ्या, पाणी द्या, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दवाखान्यात जा. मी त्या दिवशी गेले असते, तर तिच्यावर ती वेळ आली नसती.