एकाकी दिव्याची खूण

वैभववाडीहून रात्रीं करूळ घाटाकडे पाहिलें असतां वस्तींतील दिव्यांच्या घोळक्यांत एखादा दिवा निराळा ओळखतां येत नाहीं. परंतु घाटाच्या काळोखांत एकच कंदील लुकलुकला, तर कोणी वाटसरू चालला असावा असें मन म्हणतें. जड मूलकणांचा शोध कांहींसा असाच असतो.

प्रोटॉन व प्रतिप्रोटॉन एकमेकांवर आदळले म्हणजे कणांचे लोंढे उसळतात. त्यांत जन्मलेला जड कण तत्क्षणींच विघटित होतो. मग त्याची साक्ष कोणी द्यावी? १९८३ सालीं रोहिणी गोडबोले, एस्. पाक्वासा व डी. पी. रॉय यांनीं ‘टॉप’ क्वार्कासाठीं एक खूण सुचविली. हलक्या क्वार्कापासून निघालेला इलेक्ट्रॉन इतर कणांच्या गर्दींत वेढलेला राहतो; जड क्वार्कापासून निघालेला मात्र गर्दीपासून दूर, एकटा फेकला जातो.

पण एकाकी दिवा कधीं चकवाहि ठरतो. १९८४ सालीं युरोपांतील सर्न येथें टॉप गवसल्याचा भास झाला. पुढील मोजणींत तो टिकला नाहीं. अखेर १९९५ सालीं अमेरिकेंतील फर्मीलॅबमध्यें दोन गटांना तो सांपडला. त्यांतील एका गटांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संशोधक होते. एवढासा मूलकण, पण वजनानें सोन्याच्या अख्ख्या अणूहून किंचितच कमी भरला!

पुण्यांत १९५२ सालीं जन्मलेल्या गोडबोले २०२४ सालीं निवर्तल्या. त्यांची खूण मात्र मागें उरली. दिवा दिसणें हा शोधाचा केवळ आरंभ होय. तो चकवा नव्हे हें ठरविणें, हाच खरा शोध.