मासा आणि माशी



मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठी वाढलेला. आमच्याकडे मासे धरायला जाण्याला 'गरवायला जाणं' म्हणतात. बांबूची काठी, दोरा, टोकाला गरी आणि गरीला कोलंबीचा तुकडा किंवा गांडूळ. दोरा पाण्यात सोडायचा आणि बांधावर बसून वाट बघायची. माशाला भूक असली तर तो येतो, नसली तर आपण घरी जातो. यात शिकण्यासारखं काही असतं, असं मला पन्नाशी उलटेपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

माझा एक शाळूसोबती नोकरीनिमित्त बरीच वर्षं स्कॉटलंडमध्ये काढून पुण्याला परतला. येताना त्यानं संसाराच्या सामानापेक्षा मासेमारीचं सामान जास्त आणलं, अशी त्याच्या बायकोची कायमची तक्रार. त्यानंच टूम काढली. काश्मीरला जायचं, हरमुख पर्वताच्या पायथ्याच्या गंगाबल तलावावर मुक्काम ठोकायचा आणि माशीनं ट्राउट धरायचे. तिसरा गडी आमचा डॉक्टर. तो सर्जन आहे आणि पक्का शाकाहारी. "मी डोंगर बघायला येतो, तुमची हत्या तुम्ही करा," असं त्यानं आधीच बजावलं.

'माशीनं मासे' म्हटल्यावर घरी हशा पिकला. व्याकरण बघितलं तर माशी ही माशाची बायको ठरायला हवी! इथली माशी म्हणजे बारीकशा गळावर बांधलेलं कोंबड्याचं पीस, सशाची लव आणि रेशमाचा धागा. पाण्यावर उतरलेल्या कीटकाची ही नक्कल. तिला वास नाही, चव नाही. माशाच्या डोळ्यांना फसवायचं, एवढंच तिचं काम. ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या ईलियन या रोमन लेखकानं मॅसेडोनियातल्या एका नदीवरच्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय, की ते गळाला तांबडी लोकर गुंडाळतात आणि वर कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं बांधतात. आपल्याकडे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वर राजानं 'मानसोल्लास' रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरणच आहे. जुन्या मराठीच्या खुणांसाठी आपण या ग्रंथाचं नाव घेतो. राजा गळ टाकून कसा बसायचा ते त्यातच सापडतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

या प्रकारातली खरी गोम दोऱ्यात आहे. एरवी गळाजवळ शिशाची गोळी असते. ती फेकली की दोरा तिच्यामागून जातो. पिसाच्या माशीला वजनच नाही, तेव्हा वजन दोऱ्याला द्यावं लागतं. फेकायचा तो दोरा, माशी नुसती पाहुण्यासारखी सोबत जाते. हात आसुडासारखा चालवायचा, पण आसूड वाजता कामा नये. 'चट्' झालं की माशी तुटून गेलीच समजा. दोरा मागे नेला की तो पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे आणायचा. हे थांबणं अर्ध्या सेकंदाचं, पण मला साधायला दोन महिने लागले. सोसायटीच्या मैदानावर गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून मी रोज सकाळी सराव करायचो. वॉचमननं तिसऱ्या दिवशी विचारलं, "साहेब, पतंग कुठंय?"

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही निघालो. श्रीनगरला मत्स्य विभागाकडून परवाने घेतले आणि गाडीनं कंगनवरून नारानागला पोचलो. तिथली आठव्या शतकातली पडकी देवळं डॉक्टरनं तासभर पाहिली, आम्ही दोघं दहा मिनिटं. तिथून सगळी चढण. सामान तट्टांवर, तट्टांमागे साठीचे घोडेवाले चाचा आणि त्यांच्यामागे धापा टाकणारे आम्ही. झाडं संपली की गुराख्यांची कुरणं लागतात. ती ओलांडली की आधी नुंदकोल आणि जरा वर गंगाबल. साडेतीन हजार मीटरच्या वरचं, सुमारे अडीच किलोमीटर लांबीचं निळंशार पाणी, आणि त्यावर पाच हजार मीटरहून उंच हरमुखची हिमनदी लोंबतेय. काश्मिरी पंडितांच्या लेखी हे तीर्थ, इथं अस्थी विसर्जनाची जुनी परंपरा आहे. तीर्थावर गळ टाकायचा म्हणून मला पहिली संध्याकाळ जरा चोरट्यासारखं वाटलं, ते तुम्हाला सांगून टाकतो.

पाण्यात पहिला मासा उसळला तेव्हा आमचा स्कॉटलंडवाला म्हणाला, "हेही माझ्यासारखेच तिकडून आलेत." गंमत म्हणजे ते खरं आहे. काश्मीरच्या पाण्यात ट्राउट मुळात नव्हता. महाराजा प्रतापसिंगांच्या काळात, 1899 साली विलायतेहून माशांची अंडी मागवली. ती वाटेतच मेली. 1900 मध्ये दुसरी खेप स्कॉटलंडहून आली आणि तगली. गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल या साहेबानं ती वाढवली, पुढे हरवनला हॅचरी झाली आणि तिथून पिल्लं ओढ्यांत आणि तलावांत सुटली. आज काश्मिरी माणूस 'ट्राउट गाड' असं घरच्यासारखं म्हणतो. 'गाड' म्हणजे मासा. पाहुणा जावई होऊन बसला म्हणा. पण उपद्रवी परक्या प्रजातींची जी शंभरांची जागतिक यादी आहे, तीत ब्राऊन ट्राउट आणि रेनबो ट्राउट दोघांचीही नावं आहेत, हेही सांगायला हवं. जिथं सोडला तिथल्या मूळच्या माशांवर हा गडी दादागिरी करतो. त्यामुळे परवान्यात बसतील तेवढे ट्राउट खाताना मला तरी अपराधी वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत मी दोरा फेकत होतो. एकही मासा फिरकला नाही. मागून मराठी आवाज आले. महाराष्ट्रातल्या ट्रेकर मंडळींचा घोळका उतरत होता आणि तलाव दिसताच त्यांनी 'गणपती बाप्पा मोरया'चा गजर केला. मी कपाळाला हात लावला. मित्र म्हणाला, "त्यांच्यावर चिडू नकोस. हवेतला आवाज पाण्यात फारसा जात नाही. मासे पळताहेत ते तुझ्या बुटांमुळे." पायाचा हादरा जमिनीतून पाण्यात उतरतो आणि माशाला तो अंगाच्या कडेनं जाणवतो. शिवाय माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस त्या खिडकीत येतो, गुडघ्यावर बसलेला बहुतेक येत नाही. मी सहा तास खिडकीत उभं राहून हात हलवत होतो.

गाठ सोडवली डॉक्टरनं. त्याला करायला काही नव्हतं म्हणून तो तलावातून निघणाऱ्या ओढ्यातले दगड उलटे करून बघत बसला होता. एका दगडाखाली त्याला बारीक खड्यांच्या नळ्या चिकटलेल्या दिसल्या. प्रत्येक नळीत एक अळी, खडे जोडून स्वतःचं घर बांधून राहिलेली. "हे खातात का तुमचे मासे?" त्यानं विचारलं. मित्रानं डबी उघडून तपकिरी रंगाची, बुडणारी माशी काढली. मी सकाळपासून वापरत होतो ती पिवळी आणि तरंगणारी. म्हणजे पंगतीत पिठलं-भाकरी चालू असताना मी जिलबीचा आग्रह करत होतो! खाडीवर आपण देऊ ते मासा खायचा. इथं तो आधीच जेवायला बसलेला असतो, आणि त्याच्या ताटात काय आहे ते बघून मग वाढायचं असतं. माशी बांधायची गाठही डॉक्टरनंच मारली. केसाएवढ्या धाग्यावर, थुंकीनं ओली करून, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

सरता दिवस. वारा पडला. उथळ फिकट पाणी संपून गडद पाणी सुरू होतं त्या रेषेवर मी गुडघ्यावर बसून दोरा टाकला. तळ्यात प्रवाह नसतो, मासाच फिरत असतो, म्हणून त्याच्या वाटेवर आधीच माशी ठेवायची आणि हळूहळू ओढायची. दोरा थबकला. चाळीस वर्षांची सवय, मी खाडीवरचा हिसडा दिला. धागा तुटला, दोरा उलटा आला आणि डॉक्टरच्या टोपीवर बसला. चाचा मान हलवून म्हणाले, "साहब, गुस्सा मत करो, बुलाओ उसको." असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी बोलावलं. ब्राऊन ट्राउट, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतचा. सोनेरी-तपकिरी अंग, काळे ठिपके, मधून तांबडे, तांबड्याभोवती फिकट कडं. मित्रानं चार धरले, दोन सोडले. माझा धरून उरलेले तीन चाचांनी तेलात कडक तळले, सोबत मिठाचा चहा. डॉक्टरनं डाळभात खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दगड उलटायला गेला.

तुमच्यापैकी कुणी जाणार असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो तो चिमट्यानं दाबून सपाट करा. आणि मासा सोडायचा असेल, तर त्याला हात लावण्याआधी हात पाण्यात बुडवून ओला करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो, आणि सोडलेला मासाही मग आजारी पडून मरू शकतो.